पहिल्या फेरीत फिटतंय

११ ऑगस्ट
गाडी गेली! थोरल्या भावाचा, धनादादाचा फोन आला. कडेगाववरनं कराडला भाडं घेऊन जाताना सुर्लीच्या घाटात पिकअपनं पांढरा धूर सोडला आन् जी बंद पडली ती पडलीच. मी हितं कोइमतुरात, सोन्याच्या भट्टीपुढं. हातात ॲसिडचं भांडं. शेठ आपल्याच भागातला, तरी वरडला — आदी काम, मग फोन.

दसऱ्याला हितलं सोडायचं, पिकअप मी चालवायची, आबाच्या मेंढरांमागं निघायचं — येवढं एकच धरून वरीस काढलं. आता कशाला जायचं?

१३ ऑगस्ट
हरिबा मिस्त्रीनं इंजिन खोललं. हेडला तडा, पिस्टन-लायनर खल्लास, क्रँकबी घासलेला. म्हणला, हिच्या वयाची गाडी आता रस्त्यावर दिसत न्हाई. एकतर आख्खं इंजिनकाम करा, न्हाईतर भंगारातल्या गाडीचं चांगलं इंजिन बसवा. ते लवकर हुतंय, खर्चबी कमी. दादा म्हणतो इकूनच टाकू. त्याचा जीव न्हाई तिच्यात.

१६ ऑगस्ट
खोकला. झोप न्हाई.

१९ ऑगस्ट
आबाला म्हणलं, दुसरं इंजिन बसवा. तर म्हणतो, "ती गाडी भंगारात कशानं गेली रं? कोण मेलं आसंल तिच्यात. तसलं काळीज आपल्या गाडीत घालायचं? माझी कोकरं बसत्यात तिच्यात."

आबा पिकअपला अजून घोडंच म्हणतो. पयलं बिऱ्हाड घोड्यावर जायचं. आता तान्ही कोकरं, आय, भांडीकुंडी सगळं पिकअपमधनं. म्हणलं, आबा, लोखंडाला काय कळतंय? मी रोज कुणाकुणाचं मोडकं डागिनं वितळवतो, मेलेल्यांचंबी आसत्याल. सोनं सोनंच ऱ्हातंय न्हवं? आबा म्हणला, बिरोबाला इचारतो.

२४ ऑगस्ट
कौल लावला. देवाला दोन पाकळ्या चिकटवल्या — उजवी म्हंजे जुनंच इंजिन नीट करायचं, डावी म्हंजे दुसरं बसवायचं. उजवी पडली. आय म्हणती, लगीच पडली! आमच्यात कौलापुढं कोण बोलत न्हाई.

पैसं कुठनं आणायचं, ते मातर देवाला कुणी इचारलं न्हाई.

२७ ऑगस्ट
शेठकडनं उचल घेतो म्हणलं. आबा म्हणला, "तू नगं बघू. हरिबा पैशाला थांबतोय. पहिल्या फेरीत फिटतंय."

कसली फेरी? द्राक्षाच्या भाड्याला अजून लय अवकाश हाय. एका फेरीला येवढं भाडं कोण देतंय? दादाला इचारलं तर म्हणतो, "आबालाच इचार. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. ही गाडी आमाला बुडवून ऱ्हाणार."

८ सप्टेंबर
भट्टी. डोळं जळत्यात. घरात कोण सरळ बोलत न्हाई. गाव संपलं माझं, असं वाटतं.

१५ सप्टेंबर
दादानं फोनवर इंजिनचा आवाज ऐकवला. फोन कानाला दाबून हुबा ऱ्हायलो. लय ग्वाड! मागनं आबा — "घोडं उठलं रं, धुळा!"

शेठला सांगून टाकलं. दसऱ्याला चाललो, परत येणार न्हाई. शेठ हसला. म्हणला, लय जण असंच सांगून गेलं.

२१ सप्टेंबर
आयचा फोन. काल पहिली फेरी झाली, आटपाडीच्या बाजाराला. भरली ती आपलीच मेंढरं. हुती नव्हती ती सगळी. हरिबाचं फिटलं. आबाला गुडघ्यांमुळं आता रान फिरवत न्हाई. म्हणला, धुळाला गाडी तरी ऱ्हाईल.

कुत्रं फाट्यापतुर पिकअपमागं पळत गेलं म्हणं.