हम्मादूबाबांची हाक

प्रिय आस्ता,

तुमची गाय, ओले, जिवंत आहे! तेच वाकडं शिंग, तोच तोरा. आत्ता माझ्या अंगणात कोनफळाच्या साली खातेय. आधी हे तुझ्या हम्मादूबाबांना सांग, मग पुढचं वाच.

माझ्या भावाला, तेर्कुलाला मारलं त्याच पहाटे तुम्ही सीमेपलीकडे गेलात. सीमा कसली, गुडघाभर पाण्याचा ओढा. गाव म्हणालं, गुराख्यांनी पोराला मारलं आणि गुरं घेऊन पळाले. त्याला बंदूकवाल्यांनी मारलं आणि तुमचाही कळप त्यांनीच लुटला, हा तुझा निरोप मी सगळ्यांना सांगितला, पण ऐकतो कोण? काका तर म्हणाला, "त्या आस्ताच्या ताकाची चव अजून जिभेवर आहे वाटतं!" भावासाठी रडू की तुमच्यासाठी भांडू, काही कळेना.

परवा बाजारच्या दिवशी काही माणसं कळप घेऊन ओढ्यावर आली. जवानांनी अडवलं, तर म्हणाले, "आमचीच गुरं. कानावरच्या खुणा बघा की!" खुणा होत्या, पण जखमा अजून ओल्या. आणि त्यात मला ते वाकडं शिंग दिसलं. मी डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि हम्मादूबाबांची हाक काढली. दरवर्षी कापणीनंतर तुमची गुरं आमच्या रानात बसायची, तेव्हा शिकलेली. तू हसायचीस ना, "अगं, गाय बोलावतेस की पोट दुखतंय?" आस्ता, ओलेनं मान वर केली! हंबरली आणि थेट माझ्याकडे आली, तिच्यामागे अख्खा कळप. ते मालक ओरडून ओरडून थकले, एक गाय वळेल तर शपथ! जवानांनी त्यांची वळकटी सोडली. आत बंदुका होत्या, तेर्कुलाच्या काळ्या-पांढऱ्या शेल्यात गुंडाळलेल्या. त्याच्या कोपऱ्यावरचे टाके माझ्या हातचे. सगळे पकडले गेले. बाजारातल्या बायकांनी असा गलका केला की तुला पलीकडे ऐकू आला असेल. काका आता ओलेला स्वतःच्या हातानं मीठ चारतो.

काल गाव बसलं. तुम्हाला परत आणायचं ठरलं. पण आमची रीत तुला माहीत आहे: रक्त सांडलं असेल, तर बोलावणं गावानं करून चालत नाही, ज्या घरचं माणूस गेलं त्या घरानंच करायचं. आईनं मान हलवून हो म्हटलं आणि बोलावणं माझ्यावर सोपवलं. म्हणून लिहितेय. तेर्कुलाची बहीण तुम्हाला बोलावते आहे. कापणी झाली, रान मोकळं आहे. गुरं आधीच येऊन बसलीत, आता तुम्ही या.

तुझीच,
डूशिमा