पुलावर उभ्यानेच पुढे केलेला हात

काझुंगुला, बुधवार

तीर्थरूप बाबांना नामाकाऊचा नमस्कार, जो काल करायचा राहिला.

झालं ते असं:

१. काल सकाळी दहाला तुम्ही झांबियाच्या बाजूने चालत पुलावर आलात. मी पाहुण्या इंजिनियरांना पुलाचे सांधे दाखवत होते.
२. आपल्या रीतीप्रमाणे खाली बसून, टाळ्या वाजवून मी तुम्हाला नमस्कार केला नाही. उभ्यानेच हात पुढे केला.
३. "हे कोण?" असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "गावातले एक नावाडी."

तुम्ही म्हणालात, "होय मॅडम. यंदा पाणी लवकर चढेल, एवढंच सांगायला आलो होतो." आणि परत फिरलात.

मी घाबरले होते म्हणून असं झालं, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. मला तुमच्या अनवाणी पायांची लाज वाटली.

तुम्ही ठेवलेले सुके मासे पहारेकरी लिकांडोने आणून दिले. म्हणाला, "मॅडम, तुमच्या नावाड्याने दिलेत. नाक मात्र अगदी तुमच्यासारखं हो त्याचं!" तेव्हाही तुम्ही माझे बाबा आहात हे मी सांगितलं नाही. आज सकाळी त्याला खरं सांगितलं. तो हसला नाही.

माझी तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? तिला तुम्ही काय सांगितलंत?

रविवारी घरी यावं म्हणते. अंगणात सगळ्यांसमोर खाली बसेन. पण तुम्हाला नको असेल तर येणार नाही. येऊ की नको, ते शुक्रवारपर्यंत कळवा.

तुमची मुलगी,
नामाकाऊ