आत्यांच्या आतड्यातलं देठ

उस्मानाबाद, ४ एप्रिल १९८६
जळकोटहून आत्या आल्या. मला लहानाचं मोठं केलं, आणि शौचातलं रक्त मात्र सहा महिने मूळव्याध समजून माझ्यापासूनच लपवलं! गुदद्वारातून ताठ नळी घालून पाहिलं. वीतभर आत पॉलिप: द्राक्षाएवढी मांसल वाढ, लांब देठाची. देठ आहे हे भाग्यच. तारेचा फास देठावर बसवायचा, सावकाश आवळायचा, वीज सोडायची. रक्तवाहिनी भाजून मिटते, वाढ सुटते. पोट उघडायला नको. कागदावर काढून दाखवलं.
"म्हंजी वांगं तोडल्यावानी की! एवढ्यासाठी इतकी वर्सं शिकलास व्हय?"

६ एप्रिल
झालं नाही. चूक माझी. "उद्या कडक उपवास" एवढंच सांगितलं होतं. आत्यांनी एकादशी धरली: साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा लाडू. एनिमानंतरही आत दाणेच दाणे. आतडं अस्वच्छ असलं की वायू साचतो. त्यात ठिणगी पडली तर स्फोटाचं भय. थांबलो.
"उपास सांगितलास. निर्जळी कुठं सांगितली?"
पुन्हा तयारी म्हणजे पुन्हा दोन बादल्या पाणी, आणि टँकर चार दिवसांआड. आत्यांनी आपली अंघोळ बंद केली. सुमन रागावली: "अंघोळ करा हो, भांडी मी राखेनं घासते." माझ्या बायकोपुढं कुणाचं चालत नाही.

८ एप्रिल
काल नुसती गाळलेली पेज. आज आतडं लख्ख. फास बसला, देठ पांढरं पडलं, वाढ हातात! रक्ताचा थेंब नाही.
पण नळी मागं घेताना एका घडीआड दुसरी दिसली. रुपयाएवढी, सपाट, बिनदेठाची. अशी वाढ फासात ओढली तर भिंतही येते, भोक पडतं. हात शिवशिवले, आवरले. तपासणीपुरता तुकडा घेतला. मला हे काम शिकवणाऱ्या पुण्याच्या सरांना पत्र.

२२ एप्रिल
देठाची वाढ निरुपद्रवी. सपाट वाढीतला तुकडा कर्करोगाचा नाही, तरी पेशी बिघडू लागल्यात. काढणं भाग आहे. सर लिहितात: तुकड्यातुकड्यानं काढून पाहीन, खात्री देत नाही, शिल्लक राहू शकते. दुसरा मार्ग सोलापूरला पोट उघडून तेवढं आतडंच काढणं: एकदाच, खात्रीचं, पण आत्यांचं वय अडुसष्ट. दोन्ही आकृत्या काढल्या, तासभर समजावलं.
"समदं कळलं रे. आता सांग, परकी बाई असती तर काय सांगितलं असतंस?"
परकीला मी ऑपरेशनच सांगितलं असतं. आत्यांना सांगवेना. पेन्सिल घेऊन आकृतीतली रेघ उगाच गडद करत बसलो.
"बरं, सकाळी सांग," म्हणाल्या आणि पिशवी भरायला घेतली.
सहाला पुण्याची गाडी आहे, साडेसातला सोलापूरची.