तू निळा म्हणालीस

माय, धाकटी माझ्याकडे राहायला आली आहे. इथे अनसिंगला, कायमची. बाबा गेल्यावर कारंज्याच्या घरात तिचं असं कोणी उरलं नव्हतं, म्हणून आमच्या घरचेच बैलगाडी जुंपून गेले आणि तिला घेऊन आले. मी तिला पाट दिला, गूळपाणी दिलं, आणि ती पाणी पीत असताना माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की ही बाई माझ्यापेक्षा जास्त वर्षं तुझ्याजवळ राहिली.

बाबांनी तिच्याशी दुसरं लग्न केलं ते मुलगा हवा म्हणून. ते कोणी लपवलंही नव्हतं. ती घरात आली तेव्हा माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. मला वाटलं, आता तू आणि मी एका बाजूला. मी तर तयारीतच होते. तिच्याशी बोलायचं नाही, तिच्या हातचं पाणी प्यायचं नाही, सगळं मनाशी ठरवून टाकलं होतं. तू मात्र पहिल्याच आठवड्यात तिची वेणी घालायला बसलीस.

मग तो उन्हाळा. बाबांनी मागच्या खोलीला नवा गिलावा करून घेतला होता. ती खोली आपली, तुझी नि माझी. धाकटीला दिवस गेले होते, उजेडाने तिचं डोकं ठणकायचं, म्हणून दुपारी तीही तिथेच पडू लागली होती. रंगारी चाचा खिडकीशेजारी उभा आहे. भिंतीवर त्याने दोन पट्टे ओढले आहेत. एक चुन्यात पिवळी माती कालवून केलेला, सकाळच्या कोवळ्या उन्हासारखा. दुसरा नीळ घोटून केलेला, इतका गडद की त्याच्याकडे पाहताना भरदुपारी सांज झाल्यासारखी वाटते.

"बोला बाई, कोनता मारू? पिवळा उजेड देईन. निळा मारला त खोली थंडी राहीन, पर अंधारी होईन."

मला विचारायचीही गरज वाटली नाही. पिवळा तुझा जुना आवडीचा रंग. पिवळी भिंत असली की घर हसतं, असं तूच म्हणायचीस. शिवाय त्याच खिडकीशी बसून तू मला कशिदा शिकवत होतीस. तू भिंतीकडे पाहिलंस, मग बाजेवर डोळ्यांवर ओला फडका घेऊन पडलेल्या तिच्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "निळाच मारा."

मी उसळले. "तिच्यासाठी काहून? खोली आपली हाय ना?"

"तोंड सांभाळ," तू चाचासमोरच मला म्हणालीस. "थे माह्यी सवत नाई. माह्यी पोरगी हाय."

मग मी कोण, हे तोंडाशी आलं होतं. मी कशिदा उचलला आणि ओसरीवर जाऊन बसले. त्यानंतर रोज दुपारी मी ओसरीवर आणि तुम्ही दोघी त्या निळ्या अंधारात. तू तिला पंख्याने वारा घालतेस, ती हळू काहीतरी बोलते, तू हसतेस. काय बोलत होता ते मला कधीच ऐकू आलं नाही. तिचं बाळ जन्मताच गेलं तेव्हा तू दिवसचे दिवस तिला कुशीत घेऊन त्याच खोलीत बसलीस. ते मी दारातून पाहत होते. मला तिची कीव यायला हवी होती. पण मला फक्त तुझी कूस दिसत होती.

पुढे माझं लग्न झालं. माहेरी आले की तू माझ्यासाठी अंबाडीची भाजी करायचीस, पण एका वर्षी भाजी तिने केली आणि चव हुबेहूब तुझी. मला ती आजवर साधली नाही. तू तापाने गेलीस तेव्हा निरोप पोचून मी येईपर्यंत सगळं आटपलं होतं. धाकटी दाराशी कोसळून रडत होती, बायांनी तिला धरलं होतं. परगावची कोणी बाई म्हणाली, "पोरगी लय रडून राह्यली बिचारी." कोणीही त्या बाईला सांगितलं नाही की पोरगी ती नाही, ही आहे. मीही सांगितलं नाही.

काल दोघी तूर निवडत बसलो होतो. मी एकदाचं विचारलं, "शेवटी माय काई बोलली का?"

तिने सुपावरून नजर उचलली नाही. "तुयंच नाव घेत होत्या बाई. दुसऱ्या कोणाचं नाई."

माय, तुझी वाचा दोन दिवस आधीच गेली होती. शेजारणीने मला तेव्हाच सांगितलं होतं. माझं मन राखायला धाकटी खोटं बोलली, अगदी तू बोलली असतीस तसं, हातातलं काम न थांबवता. हेही ती तुझ्याकडूनच शिकली. मला कोणी शिकवलं नाही, की मीच ओसरीवर बसून राहिले, कोण जाणे. तिचे उपकार वाटायला हवे होते. हेवा वाटला.

तुला वाचता येत नव्हतं, तिलाही येत नाही, म्हणून मी हे तिच्यासमोर बसूनच लिहिते आहे. आताच तिने विचारलं, काय लिहून राह्यली? मी म्हटलं, मायले चिठ्ठी. त्यावर ती म्हणाली, "माह्याबी नमस्कार लिहजो." मी मान हलवली. अजून लिहिलेला नाही.