धन म्हणजे मेंढरं

प्रिय शीतल,

तू फोन उचलत न्हाईस, म्हणून शेजारच्या बेबीनंदाच्या हाती ही चिठ्ठी मंठ्याला तुझ्या माहेरी धाडते. सासूची हाय म्हणून फाडू नको, पुरी वाच.

मेंढरं बरी हायेत. वरून धरणाचं पाणी सुटलं अन् गोदावरीतल्या बेटावर बावीस मेंढरं अडकली. तू लग्नाच्या शूटिंगचा ड्रोन उडवला, कळप कुठं उभा हाय ते मोबाईलवर दाखवलं, मंग कुठं होडीवाले बराबर तिकडं गेले. एक कोकरूसुद्धा गेलं न्हाई. गावात कुणी काही बोलो, हे मी मरेपर्यंत सांगणार.

नदीकाठच्या फलकावर मेटल डिटेक्टर अन् ड्रोन बंद म्हणून लिहिलंय, ते मला मंजूर हाय. मागच्या उन्हाळ्यात बाहेरची माणसं पीं-पीं वाजणारं यंत्र घेऊन आल्ती, जुन्या नाण्यांपायी सगळा काठ उकरून गेली. त्यांच्या खड्ड्यात आपल्या मेंढीचा पाय मोडला. असल्यांना बिलकुल सोडू नये. पण बुडत्या जिवासाठी आधी अर्ज करा, शिक्का आणा, मंग बघा, असा नियम असंल तर त्या नियमालाच एकदा पुरात उभं करा म्हणावं!

अन् माझं तोंड बघ. ड्रोन बघून आलेल्या जमादारानं विचारलं, बाई, काय चाललंय? मी घाईत बोलून गेले, धन हुडकून राह्यलो साहेब. आपण पिढ्यान् पिढ्या मेंढरांना धनच म्हणतो, पण त्या बाबानं पंचनाम्यात गुप्तधन लिहिलं. ड्रोन जप्त. लग्नसराई तोंडावर, अन् तुझे हात रिकामे. वर आमचा लेक सुग्रीव, घरात वाघ अन् ठाण्यात शेळी, तुलाच बोलला. त्याला मी चांगला झापलाय.

पण तू त्याच्या बोलण्यानं माहेरी गेली न्हाईस, मला ठाव हाय. ड्रोन उडवायला कुणी सांगितलं, असं जमादारानं विचारलं तवा तू माझ्याकडं बघितलं. मीच तुझा हात धरून, उडव गं बाई, म्हणलं होतं. अन् मी काय बोलले? मला काय ठाव, सून आजकाल कुणाचं ऐकती? भ्याले मी, शीतल. तुला एकटीला पुढं केलं. चार दिवस झाले, रोज तुला फोन लावते. काल सुग्रीवनं माफीनामा लिहून आणला, त्यातबी सगळा दोष तुझाच. तो मी त्याच्यासमोर फाडला, एकटी ठाण्यात गेले अन् जबाब बदलला. ड्रोन मी उडवायला लावला, धन म्हणजे मेंढरं, लिहा म्हणलं, अन् लिहून होईस्तोवर खुर्चीवरून उठले न्हाई. आता केस माझ्याबी नावावर हाय. होऊ दे, भीत न्हाई. ड्रोन मालकिणीच्या सहीनंच सुटंल म्हणतात. सोमवारी ठाण्यात ये. घरी यायचं का न्हाई, ते तू ठरव.

तुझीच, चुकलेली,
आसराबाई