चढलेला घोडा

मु. पवनी, माघ महिना, १९७९

तीर्थस्वरूप जागेश्वरभाऊंच्या चरणी मेहुणा टेकचंद याचा दंडवत. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढता येतो, की वहिनींनी खाटच खाली आणली? इकडे सर्व खुशाल असून तुमची भाची शकुन हिचे लग्न ठरले. ते केवळ तुमच्यामुळे ठरले, म्हणून आधी उपकार मानतो आणि मग कसे ठरले ते सांगतो. (वाचताना बसून घ्या.)

यंदा आमच्या शंकरपटात शर्यतीच्या बैलजोड्या सोडायला झेंड्याऐवजी आवाजाचे पिस्तूल आणले. गोळी नाही, नुसता बार. ते वाजवायचा मान मला मिळाला, कारण पोलिसांच्या शस्त्रागारातला निवृत्त हवालदार साऱ्या गावात फक्त माझाच साळा आहे. म्हणून तर मी वरठीला शिकायला आलो आणि तुम्ही अख्खी दुपार माझ्यापायी घालवलीत. पिस्तुलाच्या एका प्रकारात अंगठ्याने घोडा मागे ओढून चढवायचा, मग चाप दाबायचा. दुसऱ्यात नुसता चाप ओढला की घोडा आपोआप मागे जातो आणि सुटतो. तिसऱ्यात घोडा बाहेर दिसतच नाही. आत स्प्रिंगवर ताणलेली टोचणी असते. (पहिला प्रकार म्हणजे मी, कोणी ढकलल्याशिवाय हलत नाही. दुसरा तुमची बहीण. तिसऱ्यात माझ्या सासूबाई येतात, पण हे त्यांना वाचून दाखवू नका.) तिन्ही प्रकार मी वाटभर घोकत आलो. फक्त आमचे पिस्तूल त्यातले कोणते, एवढे विचारायचे राहिले.

आमच्याकडे पटाचा पाहुणा सोयरिकीचे बोलणे घेऊनच येतो, हे तुम्ही जाणता. शकुनची मागची दोन स्थळे फिरलेली, आणि आता श्यामराव आपल्या मुलासाठी आलेले. तुमच्या बहिणीने, ताराबाईने, सकाळीच बजावले होते, "आज तरी काही येडेपणा करू नका जी, सोयरीक हातची जाईन."

पहिल्याच फेरीत श्यामरावांची जोडी होती. मी हात वर करून चाप ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. आधी बैल माझ्याकडे पाहू लागले, मग माणसे. "काहून जी, बिघडलं काय?" असे कोणीतरी ओरडलेही. तेवढ्यात मला तुमचा पहिला प्रकार आठवला (देव तुमचे भले करो) आणि मी अंगठ्याने घोडा चढवला. नेमके तेव्हाच श्यामराव मंडपातून समोर आले. होणाऱ्या व्याह्याला कोणी एका हाताने रामराम करतो का? मी दोन्ही हात जोडले. पिस्तूल मधे होते.

बार झाला. श्यामराव होते तिथेच धुळीत बसले. त्यांची जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याला न घेताच सुटली, आणि आजवर कधी शेवटाला न पोचलेली ती जोडी चक्क पहिली आली. (धुरकरी मागून पायी आला.) श्यामरावांनी धूळ झटकली, मला मिठी मारली आणि म्हणाले, "असा रामराम मले आजवर कोणी घातला नाही! ठरली सोयरीक!" भाऊ, माझे डोळे भरून आले. मुलीच्या काळजीने माझी झोप उडाली होती, ती तुमच्या त्या एका दुपारीने परत दिली. हे मी जन्मभर विसरणार नाही.

सर्वांना यथायोग्य नमस्कार.

आपला,
टेकचंद

ता. क. : आनंदाच्या भरात श्यामराव म्हणाले, आणखी एक बार होऊन जाऊ द्या. मी घोडा चढवला. तेवढ्यात विहीणबाईंनी कानांवर हात ठेवले, म्हणून थांबलो. चढलेला घोडा बार न करता उतरवायचा कसा, तेही तुम्ही त्या दुपारी सांगितले होते. पण तेव्हा माझा डोळा लागला होता.

आणखी ता. क. : पिस्तूल तसेच्या तसे घरातल्या धान साठवायच्या ढोलीत ठेवले आहे. पटाच्या मंडळींनी 'तुमच्याकडेच राहू द्या' म्हणून हात झटकले. ढोलीजवळ आता कोणी फिरकत नाही, आणि लग्नाचा तांदूळ त्याच धानाचा व्हायचा आहे. ताराबाई म्हणते, "भाऊले लिहा, लोकाइचा मामा लग्नात नवरीमागं उभा राह्यते, आपल्या मामाले पहिले ढोलीपाशी उभं राहा लागन."