कोपराला टेकणारा शेगडा

अप्पा, तुम्ही शिकवलेली बालबोध अक्षरं आज डाव्या हातानं काढतोय, तेव्हा ओळी वर-खाली झाल्या तर रागावू नका. उजवा हात गेला. पोंगलच्या आधी एका सकाळी दात घासताना ब्रश गळून पडला, आणि तेव्हापासून खांद्याखाली जे लोंबतंय त्याला मी केवळ सवयीनं हात म्हणतो. पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात मी एकवीस वर्षं फिटर होतो. मालकानं दोन महिने वाट पाहिली आणि मग फळांची पिशवी घेऊन घरी आला. पिशवी बघूनच मी काय ते समजलो. तुम्ही नाही आहात याचं हल्ली कधीकधी बरं वाटतं. असं लिहवत नाही, पण तसंच आहे.

राजवाड्यामागच्या गल्लीतल्या या भाड्याच्या घरात तुमची सून इडलीचं पीठ दळून विकते, त्यावर दोघांचं जेमतेम चालतं. तिच्या थोरल्या भावानं पापनाशमला आमच्यासाठी मागची खोली रिकामी केलीय. बिचारा भला माणूस. पण त्या खोलीत जाऊन उरलेला जन्म छताकडे बघत काढायचा, या विचारानंच माझा जीव घुसमटतो. तेवढ्यात ओळखीचा एक समयांचा व्यापारी म्हणाला, समईच्या शेंड्यावरचे पितळी हंस ओतून येतात ते कडांना खरखरीत असतात, कानशीनं साफ करून द्याल का? आठ दिवसांत दहा दाखवा. जमलं तर दर आठवड्याला पन्नास. नाही जमलं तर पापनाशम, हे त्यानं नाही, मी माझ्याशीच म्हटलं. पहिल्या दिवशी तिनं हंस मुठीत धरून पायरीवर दाबला आणि मी डाव्या हातानं कानस चालवली. तिसऱ्याच फटक्याला कानस तिच्या अंगठ्यावरून गेली. “अय्यो, कांही नाही हो, तुम्ही करा,” ती म्हणाली. हंसाच्या चोचीवर रक्त होतं. मी कानस अंगणात भिरकावली आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. धरायला दुसरा हात हवा होता, आणि तो विकत मिळतो हे मला, फिटर म्हणवणाऱ्याला, दुसऱ्या दिवशी सुचलं.

तुमचा शेगडा, दांडा फिरवला की लोखंडी जबड्यात वस्तू आवळून धरणारा. या तमिळ गावात हा शब्द आपल्या घराबाहेर कोणी ऐकला नसेल. बाजारात सगळे ‘वैस’च म्हणतात. कॉलेजच्या वर्कशॉपात दिवसभर पोरांना शिकवून तुम्ही घरी यायचे ते थेट मागच्या पडवीतल्या त्या बाकाकडे. मी सात-आठ वर्षांचा असेन. पटाशीची नवी लाकडी मूठ माझ्या हातात देऊन तुम्ही म्हणता, “जा रे, ही शेगड्यांत धर, मी आलों.” मी स्वयंपाकघरात जातो आणि ती मूठ शेगडीतल्या निखाऱ्यांवर नीट धरून उभा राहतो. आई हसून हसून खाली बसते. मग मूठ ओढून काढते, पदरानं पुसते, स्वतःच पडवीत जाते आणि शेगड्यात घालून दांडा फिरवायला लागते. घट्ट बसली होती, अप्पा, मला आठवतं. तुम्ही मागून आलात. मला म्हणालात, “कान कुठें ठेवलेस?” आणि आईला म्हणालात, “तूं तुझी शेगडी बघ. शेगड्यास बायकांचा हात नक्को.” आई हसायची थांबली. दांडा सोडून आत गेली, आणि त्यानंतर मी तिला त्या बाकाजवळ कधी पाहिली नाही. त्या वयात मला एवढंच वाटलं, बरं झालं, माझ्यावरचं तिच्यावर गेलं. तो शेगडा मी नोकरी लागल्यावर भंगारात दिला. म्हटलं, कारखान्यात आहेत की सात.

नवा घ्यायची ऐपत नव्हती. बंद होणाऱ्या एका सायकलच्या दुकानात जुना चार इंची मिळाला. तुमची परीक्षा मी विसरलो नव्हतो. जबड्यात एका टोकाला कागदाचा कपटा धरायचा, ओढायचा, मग दुसऱ्या टोकाला धरायचा, ओढायचा. दोन्हीकडे फाटला पण सुटला नाही तर घ्यायचा. दांडा तुमची सून फिरवत होती, कागद मी ओढत होतो. “ही शेगडी चांगली धरते हो,” ती म्हणाली. मी दुकानदारासमोर खेकसलो, “शेगडी नव्हे, शेगडा!” ती शांतपणे म्हणाली, “शेगडा मणा, शेगडी मणा, धरलें मणजे झालें.”

बाकाला पाडलेल्या घराच्या सामानातून एका दाराची फळी आणली, जाड आणि सरळ. सुतारानं पाय जोडले. शेगडा पायाच्या बरोबर वर, खिळ्यांनी नाही, आरपार बोल्टांनी बसवला, म्हणजे दाब थेट जमिनीत जातो. तरी बाक हलायचा, म्हणून एक बाजू भिंतीला जखडली आणि खालच्या पाटावर आमचं जुनं आट्टुकल ठेवलं. ग्राइंडर आल्यापासून तो दगडी रगडा परसात नुसता पडून होता. पितळ मऊ, त्यावर जबड्याचे दात उमटतात, म्हणून माझ्या जुन्या चपलेचं कातडं कापून दोन्हीकडे लावलं. उजव्या पायाची चप्पल तशीही फरफटून फाटली होती.

उंचीचं मात्र चुकलं. तुम्ही सांगायचे, हनुवटीखाली मूठ धर, कोपर शेगड्याच्या माथ्याला टेकलं पाहिजे. सुतार बाकाचे पाय कापायला आला तेव्हा माझा मेलेला हात तिनं उचलून माझ्या हनुवटीखाली धरला. कोपर कधी इकडे, कधी तिकडे. “बसा तुम्ही, मी करवून घेतें,” ती म्हणाली, आणि मी रडायच्या बेताला आलो होतो म्हणून आत गेलो. बाक तयार झाल्यावर उभा राहिलो तर कोपर चार बोटं वर! वाकून दोन हंस केले. पहिला बरा झाला, दुसऱ्याची चोच गेली. दिवस तीन उरले होते. मी सुताराला शिव्या घातल्या, तिला घातल्या, स्वतःला घातल्या. ती पुढे आली, बाकासमोर उभी राहिली आणि हनुवटीखाली मूठ धरली. कोपर शेगड्याला बरोबर टेकलं.

“शिकवा,” ती म्हणाली.

मी काय म्हणालो असेन? तुमचंच वाक्य, अप्पा. शेगड्यास बायकांचा हात नक्को. शब्दही बदलला नाही. ती तशीच उभी राहिली, पट्टी बांधलेला अंगठा घेऊन. “मग पापनाशमाची बस कितीस?” तिनं विचारलं. मी स्टूल ओढून बसलो आणि सांगू लागलो. जाताना दाब, येताना उचल. घाई नको. उरलेले आठ तिनं केले, आणि मोडलेल्या चोचीलाही तिनंच आकार दिला.

व्यापारी काल आला. हंस बोटांनी चाचपून बघितले, एक उन्हात धरला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “कै वंदुडुच्चे, सार!” हात परत आला की. ती कॉफी घेऊन दारात उभी होती. मी म्हणालो, हो. तिनं टंबलर माझ्या डाव्या हातात दिलं आणि पीठ बघायला आत गेली.

तिला ही अक्षरं वाचता येत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेला डाव्या हाताचा सराव चाललाय असं तिला वाटतं, मघाशी येऊन कौतुकही करून गेली. उद्या तो पन्नास हंस घेऊन येणार आहे. त्याला खरं सांगायचं बळ यावं म्हणून हे लिहायला बसलो होतो. पण तुमच्यापाशी खोटं कशाला? मी सांगणार नाही.